काठी कोणत्या हातात धरायची?

उजवा खुबा दुखत असेल तर काठी कोणत्या हातात धरावी? घरात विचारले तर बहुतेक जण उजव्या म्हणतील. दुखणे त्या बाजूला, तेव्हा आधारही त्याच बाजूला. फिजिओथेरपिस्ट मात्र काठी डाव्या हातात देतो. ६० किलो वजनाचा माणूस चालताना क्षणभर एकट्या उजव्या पायावर उभा असतो. त्या पायाचे वजन वगळले तर सुमारे ५० किलोंचा भार त्या खुब्यावर तोललेला असतो. हा भार सांध्यापासून आतल्या बाजूला साधारण १० सेंटिमीटरवर पडतो, आणि शरीर डावीकडे कलंडू नये म्हणून ओढून धरणारे स्नायू सांध्याच्या बाहेर जेमतेम ५ सेंटिमीटरवर असतात. अंतर निम्मे, म्हणून जोर दुप्पट, १०० किलो. सांध्यावर दोन्ही ओझी एकदम येतात आणि बेरीज १५० होते. आता डाव्या हातातल्या काठीवर फक्त ५ किलो जोर दिला, तरी ती खुब्यापासून जवळजवळ ५० सेंटिमीटर लांब असल्याने तोल सांभाळण्याचे निम्मे काम तीच करते. स्नायूंना ५० किलोंचाच जोर लावावा लागतो आणि सांध्यावरचे ओझे ९५ किलोंवर उतरते. उजव्या हातातल्या काठीला या लांब अंतराचा फायदा मिळत नाही. आकडे ढोबळ आहेत, माणसागणिक बदलतील, आणि बल किलोत सांगणे शास्त्राला धरून नाही. पण हिशेब हाच. शरीराच्या हालचालींचा असा हिशेब करणाऱ्या शास्त्राला बायोमेकॅनिक्स म्हणतात, मराठीत जैवयांत्रिकी.

छत्रपती संभाजीनगरात हा विषय एकाच प्रकारचे विद्यार्थी शिकत नाहीत. सिडको एन-६ मधल्या एमजीएमच्या आवारात फिजिओथेरपीचे विद्यार्थी तो शिकतात. खडकेश्वरच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयासारख्या ठिकाणी क्रीडाशिक्षक होऊ पाहणाऱ्यांनाही तो चुकत नाही. कृत्रिम अवयव किंवा वैद्यकीय उपकरणांकडे वळणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी शेवटी इथेच येऊन पोचतो. तिघे अडतात, पण एकाच जागी नाही. फिजिओथेरपीला येणारी मुले-मुली बहुतेक पीसीबी ग्रुपची. गणित अनेकांनी दहावीनंतर सोडलेले असते. भौतिकशास्त्र नीटसाठी केलेले असते, पण चार पर्यायांतून एक निवडण्यापुरते. टॉर्कचे सूत्र त्यांना पाठ असते, मात्र ते आपल्याच कोपरात कुठे बसते हे कोणी दाखवलेले नसते. शारीरिक शिक्षणाचा विद्यार्थी कित्येकदा कला शाखेतून आलेला असतो. गोळा कोणत्या कोनातून सुटला तर लांब जातो हे त्याच्या अंगाला माहीत असते, कागदावर मांडता येत नाही. अभियांत्रिकीवाला बाणांची आकृती झटक्यात काढतो, पण कोणता स्नायू कुठून निघून कोणत्या हाडाला चिकटतो इथे थांबतो. आणि शिकवणी शोधायची वेळ आली की तिघेही एकच चौकशी करतात : बायोमेकॅनिक्स कोण शिकवतं? माझे म्हणणे असे की ही चौकशीच चुकीची आहे. आपण नेमके कुठे अडलो आहोत हे आधी ओळखावे आणि त्या जागेचा जाणकार शोधावा. तो बायोमेकॅनिक्सचा शिक्षक असलाच पाहिजे असे नाही.

या शास्त्राचा इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. प्राण्यांच्या हालचालींवर पहिला मोठा ग्रंथ लिहिणारा इटलीचा बोरेली हा मुळात गणिती. पिसाला असताना त्याचा स्नेह माल्पिगीशी जुळला, आणि माल्पिगी होता शरीररचनेचा अभ्यासक. बोरेलीचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६८० ते ८१ मध्ये छापला गेला. स्नायू हाडांना तरफेसारखे फिरवतात आणि सांध्याजवळ चिकटलेले असल्याने त्यांना उचललेल्या ओझ्याच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो, हे त्याने मांडले. आपल्याकडचे उदाहरण १९६८ च्या सुमाराचे. जयपूर फूट हा कृत्रिम पाय घडवला तो अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा या दोघांनी मिळून. एकाला सांध्याची जाण होती, दुसऱ्याला रबराची आणि लाकडाची. अनवाणी चालणाऱ्याला, उकिडवे बसणाऱ्याला, चिखलातून शेतात जाणाऱ्याला चालेल असा पाय एकट्या दवाखान्यातून किंवा एकट्या कारखान्यातून बाहेर पडला नसता. जो विषय दोन माणसांच्या मध्ये जन्माला येतो, तो शिकायलाही कधी कधी दोन माणसे लागतात.

चांगला शिकवणारा यात करतो काय? तो नवे फारसे काही सांगत नाही, शाळेत शिकलेले परत हातात देतो. मराठी माध्यमात शिकलेल्या प्रत्येकाने तरफ, टेकू, भार, बल हे शब्द वाचलेले आहेत. अडकित्ता ही दुसऱ्या प्रकारची तरफ आणि चिमटा तिसऱ्या प्रकारची, हे परीक्षेत लिहून गुणही मिळवलेले आहेत. कोपर म्हणजे चिमटाच. सांधा हा टेकू, दंडाचा स्नायू चिकटतो टेकूपासून ४-५ सेंटिमीटरवर, आणि ओझे असते तळहातात, ३५ सेंटिमीटर लांब. दहा लिटरची पाण्याची बादली कोपर काटकोनात ठेवून उचलून धरली की स्नायूला ७०-९० किलोंचा जोर लावावा लागतो. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात हे गणित करायला उदाहरण लांबून आणावे लागत नाही. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारा बीडकडचा तोडणी कामगार, कापूस वेचताना दिवसभर वाकलेली बाई, ही सगळी या विषयाची जिवंत पाने आहेत. पण पुस्तक इंग्रजी, पेपर इंग्रजी, आणि वर्गात प्रश्न विचारायचा तोही मोडक्या इंग्रजीत. त्यामुळे ‘फल्क्रम’ म्हणजे आपला जुना टेकूच, हेही पुष्कळांच्या लक्षात येत नाही. म्हणून विचार मराठीत करू देणारा आणि उत्तर इंग्रजीत लिहून घेणारा शिक्षक मला दहा छापील नोट्सपेक्षा मोलाचा वाटतो.

नोट्स पुरेशा आहेत, पेपर त्यावरच निघतो, हा पहिला आक्षेप. पेपरापुरता तो खराही आहे. पण १९९२ साली अमेरिकेत हेस्टनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बलाच्या कल्पना तपासणारी एक साधी प्रश्नावली तयार केली. तिच्यात आकडेमोड नव्हती. गणिते बिनचूक सोडवणारे कितीतरी विद्यार्थी तिथे चुकले. चालू गतीला सतत बल लागते, ही जुनी समजूत सूत्रांच्या खाली तशीच शाबूत होती. १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र केले. नुसते ऐकणाऱ्या वर्गांपेक्षा, विद्यार्थ्याला स्वतः मांडायला, चुकायला आणि लगेच दुरुस्त करायला लावणाऱ्या वर्गांची प्रगती सरासरीने दुप्पट निघाली. नोट्सवर उत्तीर्ण झालेला विद्यार्थी उद्या कोणाच्या तरी आजीच्या हातात काठी देणार आहे. ती चुकीच्या हातात दिली तर ते परीक्षकाला दिसणार नाही, आजीच्या खुब्याला कळेल.

दुसरा आक्षेप व्हिडिओंचा. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेने २००३ पासून उभ्या केलेल्या एनपीटेलवर व्याख्याने फुकट ऐकता येतात, मग शिकवणी कशाला? ती व्याख्याने जरूर ऐकावीत. पण तुमच्या वहीतला बाण उलटा निघाला आहे हे व्हिडिओला दिसत नाही. बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली लिहिले की एकास एक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी साध्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. हा आकडा पुढे फार मिरवला गेला. २०११ मध्ये कर्ट व्हॅनलेन यांनी अनेक अभ्यास ताडून पाहिले तेव्हा परिणाम त्याच्या निम्म्याहूनही कमी भरला. तो तरीही भरीव आहे, आणि तो येतो कुठून हेही त्यातून कळते : एकेका पायरीवर थांबवून, इथे काय होईल, असे विचारण्यातून. गृहपाठ लिहून देणाऱ्या शिकवणीत नेमके हेच होत नाही. तिला पैसे देणे म्हणजे व्यायाम दुसऱ्याकडून करवून घेणे.

हे काम महाविद्यालयाचे आहे, विद्यार्थ्याच्या खिशातून का जावे, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. ते काम महाविद्यालयाचेच आहे. फिजिओथेरपीच्या वर्गावर आठवड्यातून एक तास अभियांत्रिकीचा प्राध्यापक यावा आणि अभियांत्रिकीच्या मुलांना शरीररचनेच्या प्रयोगशाळेत सांगाडा हाताळायला मिळावा, यासाठी नवी इमारत लागत नाही. १९५६ चे घाटी हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, १९५८ चे विद्यापीठ, त्याच्या आवारातले भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र, स्टेशन रोडवरचे १९६० चे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, सगळे एका रिक्षाच्या पल्ल्यात आहे. मात्र तसे होईपर्यंत या वर्षीच्या विद्यार्थ्याने थांबावे, असे सांगणे अन्यायाचे होईल. त्याने आपली जोडी स्वतः जमवावी. फिजिओथेरपीची मुलगी अभियांत्रिकीच्या मुलीला खुब्याचे स्नायू शिकवील, ती तिला आकृती काढायला शिकवील. यात फी कोणीच कोणाला देत नाही. ज्याला असा जोडीदार मिळणार नाही, त्याने पदव्युत्तर वर्गातल्या एखाद्या ताईला किंवा दादाला विचारावे. बाहेरच्या गुरुजींकडे त्यानंतर जावे, आणि महिन्यांचे पॅकेज न घेता अडलेल्या चार-पाच प्रकरणांपुरते जावे.

पहिल्या भेटीत पदव्या विचारू नका, काठीचा प्रश्न विचारा. ‘उलट्या हातात’ एवढेच उत्तर देऊन गुरुजी पुढच्या धड्याकडे वळले तर आभार मानून निघा. कागद आणि पेन्सिल तुमच्याकडे सरकवून, सांधा कुठे ते काढ बघू, असे म्हणाले तर फी विचारा.