ज्योत निळी आहे ना?

गॅस गीझर पेटतो, पाणी कढत येतं, एवढ्यावर बहुतेक घरांचं समाधान होतं. मेकॅनिकला फोन जातो तो गीझर पेटेनासा झाल्यावर. पण कचरा साठलेला बर्नरही पाणी तापवतोच, आणि खरा धोका तिथेच आहे.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर टांगलेल्या या पेटीत बारीक छिद्रांच्या जेटची रांग असते. जेटमधून सुटलेला गॅस सोबत हवा ओढून घेतो आणि वरच्या फटींवर जळतो. एक लिटर प्रोपेन वायू पूर्ण जळायला सुमारे २४ लिटर हवा लागते, ब्यूटेनला तर ३१. धूळ, कपड्यांचे तंतू किंवा कोळ्याच्या जाळ्याने ही वाट अडली, की निळी, आखूड ज्योत पिवळी आणि लांब होते. तिची काजळी वरच्या तांब्याच्या पत्र्यांत बसते, धुराची वाट अरुंद होते, त्यामुळे ज्योत आणखी बिघडते.

अशा अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम मरकॅप्टन मिसळलेलं असल्याने गळती नाकाला कळते. कार्बन मोनॉक्साइडला मात्र ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. डोकं जड होतं, मळमळतं, चक्कर येते, आणि कडी लावलेल्या बाथरूममध्ये माणूस कोसळतो. लंडनच्या बेंजामिन मॉन यांनी १८६८ मध्ये बनवलेल्या गीझरलाही धूर बाहेर नेणारी नळी नव्हती. आज तरी ही हयगय नको.

ज्योत गीझरच्या खिडकीतून आठवड्यातून एकदा बघावी. पेटताना ‘भप्प’ आवाज आला तर आधी सेल बदलावेत. तरीही आला तर बर्नर साफ करायला झाला, असं समजावं. वर्षातून एकदा, शक्यतो थंडीआधी, माहीतगार मेकॅनिककडून तो उघडून घ्यावा. गॅस बंद, गीझर गार, मग मऊ ब्रशने फटी झाडायच्या. जेटमध्ये टाचणी घालू देऊ नये: छिद्र रुंदावलं की गॅस जास्त सुटतो आणि ज्योत पुन्हा पिवळी होते. काम झाल्यावर सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का, तेही पाहावं.

घरात पाइपलाइनचा गॅस आला की गीझरचे जेटही बदलावे लागतात, कारण त्या गॅसचा दाब आणि उष्णता दोन्ही वेगळी. बर्नर लखलखीत असला तरी झरोका उघडाच हवा. गीझर बाथरूमबाहेर मोकळ्या हवेत बसवणं सगळ्यांत उत्तम. ते जमत नसेल तर दार उघडं ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा आणि मगच आंघोळीला जावं.