सत्तेचाळीस वायरी आणि एक आरती



आपल्या मंडळाच्या वास्तूत कोठीच्या खोलीला लागून एक करड्या रंगाचे लोखंडी कपाट आहे. बहुतेकांनी ते पाहिलेले नाही. ज्यांनी पाहिले, त्यांनी घाईने दार लावून घेतले. इंटरनेट, सभागृहाचे कॅमेरे, मराठी शाळेचे संगणक, कार्यालयातला प्रिंटर या सर्वांच्या वायरी शेवटी या कपाटात येतात. इंग्रजीत त्याला रॅक म्हणतात. आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात भिंतीला लावलेली मांडणी असे, ताटाच्या जागी ताट आणि वाटीच्या जागी वाटी. रॅक म्हणजे तीच मांडणी, फक्त यंत्रांची. आपली मांडणी मात्र वाळत घातलेल्या शेवयांवर मांजर नाचून गेल्यासारखी दिसत असे.

‘चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?’ हे आपल्या कार्यकारिणीचे कपाटाविषयीचे धोरण होते. ते आमचेही होते, हे आधीच कबूल करतो.

शनिवार, ७ सप्टेंबर २०२४, गणेशचतुर्थी. सकाळी अकराची आरती म्हणजे भारतात रात्रीचे साडेआठ. जेवणे उरकून आजी-आजोबा पडद्यासमोर बसलेले. आरतीनंतर मराठी शाळेची मुले अथर्वशीर्ष म्हणणार होती. आरती झाली, मुले रांगेत उभी राहिली आणि थेट प्रक्षेपण थांबले. सभागृहातले वाय-फाय गेले, कार्यालयातला फोनही गेला. कपाट उघडले तर सगळ्या स्विचांचे दिवे एकाच वेळी वेड्यासारखे लुकलुकत होते, जणू दिवाळी जवळजवळ दोन महिने आधी आली. आम्ही राउटर तीनदा बंद-चालू केला. शेवटी कोणीतरी वैतागून दिसेल ती वायर उपटायला सुरुवात केली आणि अचानक सर्व शांत झाले. बावीस मिनिटे गेली होती. अथर्वशीर्ष संपले होते.

मिरजेहून एका आजींचा फोन आला. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, ‘देव दिसला गं, नात तेवढी राहिली.’

यानंतर जे झाले ते सांगायला संकोच वाटतो. त्या दिवशी सकाळी कॉलेजात जाणारा एक मुलगा आमच्याबरोबर कामाला होता. ‘कपाटात कोणीतरी हात घातला होता’ असे कोणी म्हणाले आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. त्याला कोणी काही बोलले नाही. आमच्याकडे बोलत नाहीत, नुसते पाहतात. तो पुढे दोन महिने मंडळात फिरकला नाही. दिवाळीच्या कार्यक्रमालाही त्याचे आई-वडील एकटेच आले.

आम्ही पेशाने रसायनशास्त्रज्ञ. नेटवर्कचे शिक्षण नाही. पण प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी शिकवतात की चिठ्ठी नसलेली बाटली ही विषाची बाटली समजायची. आपल्या कपाटात अशा सत्तेचाळीस बाटल्या होत्या. म्हणून जानेवारी २०२५ मध्ये आम्ही चौघे-पाच जण दोन शनिवार ठरवून बसलो.

पहिल्या शनिवारी काहीही हलवायचे नाही असा नियम केला. फोटो काढले. मग एकाने कपाटाशी वायर धरायची, दुसऱ्याने तिचे दुसरे टोक शोधायचे आणि तिसऱ्याने वहीत लिहायचे. यासाठी एक लहानसे उपकरण मिळते. वायरीच्या एका टोकाला ते सूर सोडते आणि दुसऱ्या टोकाशी कांडी नेली की ती चिवचिवते. एकूण वायरी ४७. त्यांतल्या १३ वायरींच्या दुसऱ्या टोकाला काहीच नव्हते. काढून टाकलेल्या फोनच्या, फेकून दिलेल्या प्रिंटरच्या त्या विधवा वायरी. पाच वायरी पंचवीस फुटी होत्या आणि जोडत होत्या एकमेकांपासून वीतभर अंतरावरची यंत्रे. उरलेला सगळा पीळ कपाटाच्या तळाशी वेटोळे घालून बसलेला. दर दोन वर्षांनी समिती बदलते, आणि प्रत्येक समितीने जुने न काढता नवे जोडलेले. खडकाचे थर वाचावेत तशी मंडळाची जुनी सगळी कारकीर्द त्या कपाटात वाचता येत होती.

आणि तिथेच ती सापडली. एक निळी वायर, एक टोक लहान स्विचमध्ये, दुसरे मोकळे लोंबकळत. शेजारी मोठ्या स्विचमध्ये रिकामे भोक. आता आठवले. आरतीच्या आधी आम्हीच त्या मुलाला सांगितले होते, ‘अरे, ते कपाट उघडं दिसतंय, जरा आवरून घे.’ त्याने लोंबणारे टोक पाहिले, सुटले असेल असे समजून रिकाम्या भोकात बसवले. आपल्यापैकी कोणीही हेच केले असते.

रसायनशास्त्राची खोड म्हणून इमारत रिकामी असताना प्रयोग पुन्हा केला. वायर जोडली आणि पाच सेकंदांत तीच दिवाळी. कारण असे : ते दोन स्विच आधीच एका वायरीने जोडलेले होते. दुसरी वायर लागताच वर्तुळ पूर्ण झाले. नेटवर्कमध्ये काही निरोप ‘सर्वांसाठी’ म्हणून सुटतात. स्विच असा निरोप आला की ज्या वाटेने तो आला ती सोडून बाकी सगळ्या वाटांनी पुढे पाठवतो. वर्तुळात तो निरोप फिरून पुन्हा दाराशी येतो, पुन्हा वाटला जातो, आणि इथरनेटच्या निरोपावर ‘इतक्या फेऱ्यांनंतर मर’ अशी काही खूण नसते. क्षणात लाखो निरोप गरगर फिरू लागतात आणि खऱ्या कामाला वाट उरत नाही.

यावर उपाय फार जुना आहे. रेडिया पर्लमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञ बाईंनी १९८५ मध्ये डीईसी कंपनीत असताना स्पॅनिंग ट्री नावाची पद्धत शोधली. स्विच आपसांत बोलून वर्तुळ ओळखतात आणि त्यातली एक वाट आपणहून बंद ठेवतात. बाईंनी या पद्धतीवर एक कविताही लिहिली आहे. मात्र आपण दुकानातून आणलेल्या स्वस्त स्विचांत ही सोय नव्हती. म्हणजे दोष होता आपल्या गुंत्याचा आणि आपल्या काटकसरीचा.

त्याच संध्याकाळी आम्ही तिघे त्या मुलाच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा टाकला. आम्ही वही उघडून चित्र दाखवले आणि म्हणालो, ‘चूक आमची होती.’ तो बराच वेळ चित्र पाहत राहिला. मग विचारले, ‘पुढच्या शनिवारी किती वाजता?’

दुसऱ्या शनिवारी काय केले ते सविस्तर लिहितो, कारण आजकाल घराघरात असे एक कपाट, निदान एक खण, असतोच.

आधी अनाथ वायरी. त्या एकदम काढल्या नव्हत्या. पहिल्या शनिवारी नुसत्या उपसून ठेवल्या आणि आठवडाभर कोणी बोंब मारतो का ते पाहिले. कोणी मारली नाही, तेव्हा काढल्या. सभागृहाच्या छतावरच्या पोकळीतून जाणाऱ्या जुन्या वायरीही शक्य तिथपर्यंत ओढून काढल्या. इथे आमच्यातला रसायनवाला जागा झाला. साध्या वायरीचे आवरण पीव्हीसीचे असते. ते जळले की धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो, जो ओलाव्याशी मिळून हायड्रोक्लोरिक आम्ल होतो, आणि आपले डोळे व फुफ्फुसे ओलीच असतात. ज्या पोकळीतून इमारतीची हवा खेळते तिथे कमी धूर करणारी, ‘प्लेनम’ दर्जाची वायरच हवी. अमेरिकेच्या विद्युत संहितेत २००२ पासून टाकून दिलेल्या, हाताला येणाऱ्या वायरी काढून टाकण्याचा नियम आहे तो याचसाठी.

मग वायरींची गरजच कमी केली. शाळेसाठी एक, पाहुण्यांसाठी एक आणि कॅमेऱ्यांसाठी एक असे तीन वेगळे स्विच होते. आता एका चांगल्या, वापरलेल्या पण मॅनेज्ड स्विचमध्ये व्हीलॅन करून तीन वेगळी नेटवर्के नांदतात, एका चाळीत तीन बिऱ्हाडे नांदावीत तशी. कॅमेऱ्यांना वीजही नेटवर्कच्याच वायरीतून जाते. याचे पहिले मानक २००३ चे, एका दारातून १५.४ वॅटपर्यंत. त्यामुळे नऊपैकी सात अडॅप्टर गेले. नेटवर्कच्या आणखी सहा वायरी गेल्या. ४७ च्या झाल्या २८.

मग मांडणी. रॅकची रुंदी १९ इंच, आणि उंची ‘यू’त मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच. भिंतीतून येणाऱ्या वायरी ज्या पट्टीवर संपतात तिला पॅच पॅनल म्हणतात. पूर्वी आपले पॅनल सर्वांत वर आणि स्विच सर्वांत खाली होते. आता पॅनल आणि त्याच्या लगेच खाली स्विच. वरच्या पहिल्या भोकाखाली खालचे पहिले भोक, त्यामुळे अर्ध्या फुटाची वायर सरळ खाली उतरते. पीळ नाही, वळसा नाही. एवढ्या एका बदलाने निम्मा गुंता संपला.

वायरीही बारीक घेतल्या. नेहमीची पॅच वायर साधारण ६ मिलिमीटर जाड असते, बारीक वायर साधारण ४. म्हणजे जागा निम्म्याहून कमी लागते. पण फुकट काही मिळत नाही. आतल्या तांब्याची तारही बारीक, म्हणून तिचा विद्युतरोध सुमारे अडीच पट. कपाटातल्या कपाटात ठीक, भिंतीतल्या लांब पल्ल्याला नाही.

स्वस्त वायर घेताना एक काळजी घ्या. काही वायरींत तांब्याचा नुसता मुलामा असतो, आत ॲल्युमिनियम. तिचा रोध जास्त आणि ती मोडतेही लवकर. घरी परीक्षा सोपी आहे : तारेचे टोक सुरीने खरवडा. आत रुपेरी निघाले तर दुकानदाराला परत करा.

बांधायला प्लॅस्टिकचे काचणारे टाय वापरू नका. वायरीच्या आत तारांच्या चार जोड्या पिळलेल्या असतात आणि प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा असतो. शेजारच्या जोडीची कुजबूज ऐकू येऊ नये म्हणून. पिळाची कल्पना १८८१ ची, टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेल यांची. टाय आवळला की पीळ दबतो आणि जोड्या बोलू लागतात. वायर वळवायची तर वळणाची त्रिज्या जाडीच्या निदान चौपट ठेवावी. वेलक्रोची पट्टी चांगली : घट्ट होत नाही आणि पुन्हा सोडता येते. कुत्र्याच्या अंगाला चिकटलेली फळे पाहून जॉर्ज द मेस्त्राल या स्विस इंजिनियरला ती सुचली. आपल्याकडे धोतराला कुसळे चिकटत आली आहेत शतकानुशतके, आपण ती नुसती उपटत बसलो. असो.

शेवटी चिठ्ठ्या, दोन्ही टोकांना. साधा कागद नको, त्याचा गोंद उष्णतेने वाळून सुटतो. वर पारदर्शक आवरण असलेल्या घ्या. मराठी शाळेच्या मुलांनी त्या देवनागरीत लिहिल्या : रंगमंच १, कोठी २, शाळा ३. यावर कार्यकारिणीत अर्धा तास वाद झाला. बाहेरचा कारागीर आला तर त्याने काय वाचायचे? दोन्ही बाजू बरोबर होत्या. म्हणून आता प्रत्येक चिठ्ठीवर वर मराठी, खाली इंग्रजी. दाराच्या आतल्या बाजूला सर्व जोडण्यांचा नकाशा चिकटवला आहे. काढला तो त्याच मुलाने, आणि खाली तारीख घालायला तो विसरला नाही. एकूण खर्च ३४८ डॉलर, पावत्या खजिनदारांकडे.

घरच्यासाठी एवढेच सांगतो : एका शनिवारी राउटरमागे हात घाला, प्रत्येक वायरीला विचारा ‘तू कोणाची?’, आणि उत्तर मिळाले की चिठ्ठी लावा. उत्तर मिळाले नाही तर आठवडाभर बाजूला ठेवा.

मंडळाच्या कपाटासाठी दर तीन महिन्यांनी दोन तास देणारे दोन स्वयंसेवक हवे आहेत. ज्ञानाची अट नाही. नकाशा न बदलता वायर बदलायची नाही, एवढी एकच अट आहे. पुढची समिती आली की तिला किल्लीबरोबर वहीही द्यायची, असा ठरावही झाला आहे.

२०२५ च्या गणेशोत्सवात प्रक्षेपण एकदाही थांबले नाही. दुपारी मिरजेहून फोन आला. आजी म्हणाल्या, ‘या वेळी नात दिसली. पण अथर्वशीर्ष फार घाईत म्हटलं गं पोरांनी.’

त्यावर उपाय कपाटात नाही. तो मराठी शाळेकडे सोपवला आहे.