पुरवठा एक, उपकरणे अनेक



१९८७-८८ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचे. लाइट गेली तर अनेक गावांत ट्रॅक्टरची बॅटरी उतरवायची, १२ व्होल्टवर चालणाऱ्या छोट्या टीव्हीला जोडायची, की अख्खी गल्ली ओट्यावर! आज मळ्यातल्या वस्तीवर इंटरनेटचा राउटर, गोठ्याचे कॅमेरे, त्यांचा रेकॉर्डर, एलईडी पट्ट्या ही मंडळी बहुधा त्याच १२ व्होल्टवर चालतात. पण प्रत्येकाचा अडॅप्टर निराळा. शिवाय इन्व्हर्टरवर बॅटरीचे १२ व्होल्ट आधी २३० होतात आणि अडॅप्टरमध्ये पुन्हा १२. दोन्ही वेळा थोडी वीज वाया जाते. म्हणून आम्ही सगळ्यांना मिळून एकच पुरवठा करायचे ठरवले.

१२ व्होल्ट, १० अँपिअरचा पुरवठा आणला, जुळणी केली. दिवसभर सारे झकास. रात्री मात्र गोठ्याकडचे दोन्ही कॅमेरे बंद; सकाळी पुन्हा चालू. तिसऱ्या रात्री बिबट्या आला आणि वासरू गेले. निफाडकडच्या उसात बिबट्याचा वावर काही नवा नाही. पण नेमक्या त्या वेळी कॅमेरे आंधळे का, हे जिव्हारी लागले.

दोष पुरवठ्याचा नव्हता, आमच्या तारेचा होता. रात्री कॅमेरा अंधारात दिसावे म्हणून आपले अवरक्त दिवे लावतो आणि दिवसापेक्षा बराच जास्त प्रवाह ओढतो. गोठा १०० फुटांवर, म्हणजे जाऊन-येऊन तार २०० फूट, तीही अर्धा चौरस मिलिमीटरची. दोन कॅमेऱ्यांनी मिळून एक अँपिअर ओढला, की वाटेतच दोन व्होल्ट खर्च. इकडून १२ निघाले, तिकडे १० पोचले. कालव्याच्या चारीचे तेच नाही का? तोंडाला पाणी धो-धो, शेपटाला थेंब. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार टाकल्यावर घट अर्ध्या व्होल्टाच्या आत आली. ६० वॅटला २३० व्होल्टवर पाव अँपिअर लागतो, १२ व्होल्टवर ५ अँपिअर. म्हणून व्होल्ट कमी, तर तार जाड.

आता ज्यांना अशी जुळणी करायची, त्यांनी एवढे बघावे.

१. व्होल्ट जुळलेच पाहिजेत. मोबाइलला सरळ १२ व्होल्ट देऊ नयेत. मोटारीत लावतात तो चार्जर मध्ये घ्यावा.

२. अँपिअरची बेरीज करावी. राउटर १, रेकॉर्डर २, चार कॅमेरे २, पट्टी १, असे ६ झाले, तर पुरवठा ८ ते १० चा घ्यावा. जास्त अँपिअरने वस्तू जळत नाही. तिला लागतो तेवढाच प्रवाह ती घेते.

३. अधिक-उणे उलटे झाले तर वस्तू जळू शकते. पिनेजवळची खूण पाहिल्याशिवाय जोडू नये.

४. पुरवठ्याजवळ प्रत्येक फाट्याला वेगळा फ्यूज हवाच. १२ व्होल्टचा शॉक सहसा बसत नाही, पण शॉर्ट झाले की बारीक तार लालबुंद होते. शेजारी कडब्याची गंजी असली, म्हणजे पुढचे सांगायला नको.

५. बॅटरी चार्ज होताना १४ व्होल्टांच्या वर जाते. राउटरसारख्या नाजूक वस्तूसाठी मध्ये १२ व्होल्ट स्थिर ठेवणारा नियंत्रक बसवावा. २३० व्होल्टच्या बाजूचे काम मात्र वायरमनकडूनच करून घ्यावे.

आणखी एक. सगळे एकावर म्हणजे तो एक बंद पडला की सगळेच बंद. जुने अडॅप्टर फेकू नका, एखाद्या डब्यात ठेवा.

आम्ही जुळणी दिवसा केली आणि दिवसाच तपासली, तिथेच चुकलो. आपण जुळणी खुशाल दिवसा करा. पण सगळी उपकरणे चालू ठेवून रात्री एकदा गोठ्यापर्यंत जा आणि शेवटच्या टोकाला किती व्होल्ट पोचतात, ते मीटर लावून बघा. एक वासरू गमावून आम्ही हे शिकलो. आपल्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.