वाढवलेल्या खोलीची गच्ची: आधी पाण्याची वाट, मग कोबा



काष्टीच्या शनिवारच्या बाजारात शेळी घ्यायची म्हटली, तर आपण तिचे दात बघतो, कास चाचपतो, चार पावलं चालवून बघतो आणि मगच भावाचं बोलतो. पण घराला खोली वाढवून तिच्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंग करायचं म्हटलं, की मिस्त्री म्हणेल त्याला मान डोलावतो. त्यात शेळीपेक्षा कितीतरी जास्त पैसा जातो आणि बऱ्याचदा तो गटाच्या कर्जाचा असतो. खोली गळायला लागली म्हणून हप्ता थांबत नाही. म्हणून गच्चीची पारख कशी करायची, ते या वेळी समजून घेऊ.

प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फुटांचं असतं. घरात सून आली, मुलं मोठी झाली, की १० बाय १२ ची एक खोली वाढवावीच लागते. आपण तोच हिशोब धरू: १२० चौरस फुटांची गच्ची.

माळवदाची शिकवण

आपल्या आज्या-पणज्या माळवदाच्या घरात राहिल्या. वर सपाट मातीचं धाबं, तरी ते टिकायचं. कारण दोन. एक, आपल्याकडे पाऊस कमी. दुसरं, माती ओढताना उतार पन्हाळीकडे काढलेला असायचा आणि दर वर्षी पावसाळ्याआधी वर नवी माती चोपली जायची. पाणी साचू द्यायचं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सिमेंटच्या स्लॅबलाही हाच नियम लागू आहे. साचलेलं पाणी आज ना उद्या वाट शोधतंच, मग वर कितीही महागाचं औषध लावा.

म्हणून पहिला प्रश्न "काय टाकायचं?" हा नाही. "पाणी कुठून जाणार?" हा आहे.

दर दहा फुटांना किमान सव्वा इंच उतार हवा. उतार नेहमी जुन्या भिंतीपासून बाहेरच्या बाजूला काढायचा. आपल्या १२० चौरस फुटांवर एक इंच पाऊस पडला, तर साधारण २८० लिटर पाणी होतं. खोली एकच असली तरी पाणी जायला दोन पाइप ठेवा, म्हणजे एक पाल्यापाचोळ्यानं तुंबला तरी दुसरा चालतो. तोंडाला जाळी बसवा. जुन्या घराच्या पत्र्याचं पाणी नव्या गच्चीवर पडत असेल, तर तेही मोजायला विसरू नका. खाली पडलेलं पाणी जोत्याजवळ मुरू देऊ नका. पिंपात किंवा परसातल्या झाडांकडे न्या.

खरी गळती सांध्यातून

वाढवलेली खोली बहुतेक वेळा मधून गळत नाही, ती जुन्या आणि नव्या बांधकामाच्या सांध्यात गळते. जुनं घर बसलेलं असतं, नवा पाया अजून बसायचा असतो. काळ्या मातीत तर जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. मग सांध्यात केसासारखी फट पडते. तिथं नुसतं सिमेंट भरलं, तर ते पुढच्याच वर्षी सुटतं.

मिस्त्रीला तीन गोष्टी सांगा. फटीत ताणलं तरी न तुटणारं सीलंट भरायचं. स्लॅब आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात गोलाई करायची, तिला वाटा म्हणतात. आणि वॉटरप्रूफिंग भिंतीवर फूटभर चढवून, तिथं खाच पाडून, तिचं तोंड आत दाबून गिलावा करायचा.

आता निवड

*विटांच्या तुकड्यांचा कोबा.* पक्क्या भाजलेल्या, भिजवलेल्या विटांचे तुकडे मालात बसवून उतार काढतात आणि वरून घोटतात. मजबूत काम आहे, वर चालता येतं, धान्य वाळवता येतं. पण वजन फार. सरासरी चार इंचांचा कोबा आपल्या खोलीवर दोन टनांच्या वर जातो. म्हणून कोबा करायचा हे स्लॅबची सळई बांधण्याआधीच सांगायला हवं. जुन्या, बारीक स्लॅबवर इंजिनिअरला विचारल्याशिवाय कोबा टाकू नका.

*चायना मोझॅक.* कोब्यावर फरशीचे तुकडे बसवतात. पांढरे तुकडे घेतले तर खोली कमी तापते आणि गच्ची झाडायला, धुवायला सोपी जाते. पापड-कुरडयांचं काम करणाऱ्या ताईंना हे सोयीचं. मात्र सांधे नीट भरून घ्या, नाहीतर तुकड्यांच्या कडा पायाला लागतात.

*ब्रशनं लावायचं कोटिंग.* हलकं आणि सोपं. स्लॅबला उतार आधीच असेल तरच उपयोगाचं, कारण साचलेल्या पाण्यात बरीच कोटिंग टिकत नाहीत. स्लॅब स्वच्छ आणि पूर्ण कोरडा हवा. भेगांवर जाळी लावून दोन-तीन हात द्यावे लागतात. पोती, खाट ओढली की घासून जातं आणि काही वर्षांनी पुन्हा लावावं लागतं.

*डांबरी शीट.* गॅसच्या ज्योतीनं चिकटवतात. दोन पट्ट्या एकमेकींवर चार इंच तरी चढल्या पाहिजेत. काम जाणत्या माणसाचंच. काळी शीट उन्हात फार तापते आणि तिच्यावर रोजचा वावर चालत नाही. पाणी बघण्यापुरतंच वर जायचं असेल, तर चालेल.

वर पुढे मजला चढवायचा विचार असेल, तर महागाच्या मोझॅकवर आत्ता पैसे घालू नका. तो फोडावाच लागेल.

काम कधी काढायचं?

कोबा झाल्यावर निदान आठवडाभर पाणी भरून ठेवावं लागतं. मे महिन्यात आपल्याकडे ऊन कडक आणि पाण्याची ओढाताण. पाणी कमी पडलं की कोबा तडकतो. जानेवारी-फेब्रुवारीत काम काढा. वळवाचा पाऊस येण्याआधी गच्ची तयार होते आणि दोष निघाला तर सुधारायला वेळ मिळतो.

भाव आणि परीक्षा

कोणी भाव चौरस फुटावर सांगतं, कोणी ब्रासवर. गच्चीच्या मापात १०० चौरस फूट म्हणजे एक ब्रास. दोन भाव तुलना करताना भिंतीवर चढवलेला भाग धरलाय का, ते विचारा. आपल्या खोलीचा घेर ४४ फूट. फूटभर चढवलं तर आणखी ४४ चौरस फूट, म्हणजे एकूण १६४. एकानं १२० धरले आणि दुसऱ्यानं १६४, तर स्वस्त वाटणारा भाव स्वस्त असेलच असं नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: मजुरीचा शेवटचा हप्ता पाण्याच्या परीक्षेनंतरच द्या. पाइपांची तोंडं बंद करा, गच्चीवर दोन इंच पाणी भरा आणि पातळीची खूण भिंतीवर करा. दोन दिवस ठेवा. खाली खोलीत छत आणि सांधा बघा, हात लावून बघा. ओल दिसली नाही तर पाणी सोडा आणि कुठं थारोळं राहतं का ते पाहा. ही अट काम सुरू होण्याआधीच, घरच्यांसमोर, कागदावर लिहून घ्या. मागाहून सांगितलं तर भांडण होतं, आधी सांगितलं तर ठरलेलं असतं.

खोलीसाठी कर्जाची मागणी करताना गटाच्या बैठकीत या पाच गोष्टी लिहून आणा:

१. उतार कुठल्या बाजूला आणि पाइप किती?
२. जुन्या-नव्या सांध्याला काय करणार?
३. वर कोबा की दुसरं काही, आणि त्याचं वजन स्लॅबला पेलणार का?
४. निदान दोन मिस्त्र्यांचे भाव, एकाच मापावर.
५. पाण्याच्या परीक्षेसाठी किती मजुरी राखून ठेवली?

गच्चीचा खर्च अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत लिहा. तो "उरलेल्या पैशात बघू" म्हणून सोडला, की नेमके तेव्हाच पैसे संपतात आणि पुढच्या पावसाळ्यात नव्या खोलीत पातेली मांडावी लागतात.