सोरायटिक संधिवात

सोरायटिक संधिवात हा सोरायसिस या त्वचारोगाच्या जोडीने होणारा, सांध्यांचा व सांध्यांभोवतीच्या कंडरांचा दाहजन्य विकार आहे. शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर उलटल्यामुळे तो उद्भवतो. तो संसर्गजन्य नाही. स्त्रिया व पुरुष यांच्यात तो जवळपास सारख्याच प्रमाणात आढळतो. त्याची सुरुवात बहुधा ३० ते ५० या वयात होते, तथापि विशीतील तरुण-तरुणींनाही तो होतो. बहुतेक रुग्णांत आधी त्वचेवर चट्टे येतात आणि सांध्यांचा त्रास त्यानंतर, सरासरी दहा वर्षांनी, सुरू होतो. म्हणजे शाळकरी वयात ज्याच्या डोक्यात सोरायसिस दिसला, त्याचे सांधे तो नुकता नोकरीला लागला असताना दुखू लागण्याचा संभव असतो. थोड्या रुग्णांत हा क्रम उलटा असतो. सांधे आधी सुजतात आणि चट्टे मागाहून उमटतात.

दाहामुळे एकदा झिजलेले हाड व वाकडा झालेला सांधा औषधाने पूर्ववत होत नाही. त्यामुळे या विकारात निदान केव्हा झाले याला फार महत्त्व आहे.

नाव आणि व्याप्ती

मराठीत 'वात' हा शब्द फार ऐसपैस वापरला जातो. उतारवयातील गुडघ्यांच्या झिजेलाही संधिवात म्हणतात, रुमॅटॉइड संधिवाताला आमवात म्हणतात, आणि कंबर धरली तरी 'वात भरला' असे म्हणून मोकळे होतात. 'संधिवात' म्हटले की डोळ्यांपुढे आजीचे गुडघे येतात. चोवीस वर्षांच्या मुलाला तो झाला आहे हे त्याला स्वतःलाही पटत नाही आणि घरच्यांनाही नाही. प्रस्तुत लेखातील विकार झिजेतून होणारा नसून दाहातून होणारा आहे, आणि या दोहोंतील फरक वेदनेच्या स्वभावावरूनच पुष्कळदा कळतो. झिजलेला सांधा वापराने दुखतो व विश्रांतीने शांत होतो. दाह झालेला सांधा विश्रांतीनंतर आखडतो व हालचालीने सैल होतो.

जगातील सुमारे २ ते ३ टक्के लोकांना सोरायसिस असल्याचे मानले जाते. भारतातील पाहण्यांत हे प्रमाण ०.४४ ते २.८ टक्के एवढे आढळले आहे. सोरायसिस असलेल्यांपैकी किती जणांना सांध्यांचा विकार होतो, याबाबतचे आकडे पाहणीगणिक बदलतात. पाश्चात्त्य देशांत ते साधारणपणे २० ते ३० टक्के सांगितले जातात, तर भारतातील काही पाहण्यांत त्याहून बरेच कमी आले आहेत. जवळच्या नात्यात हा आजार असणे, नखे बिघडलेली असणे, टाळूवर किंवा नितंबांच्या मधल्या घडीत चट्टे असणे आणि लठ्ठपणा या गोष्टींनी संभव वाढतो. चट्टे किती पसरले आहेत, यावरून मात्र सांध्यांचा अंदाज बांधता येत नाही. कोपरावर रुपयाएवढा एकच चट्टा असलेल्या माणसाचेही सांधे खराब होऊ शकतात. 'माझा सोरायसिस किरकोळ आहे' या समाधानात पुष्कळ तरुण गाफील राहतात ते याच कारणाने.

तरुण वयातील लक्षणे

या विकाराचा आरंभ पुष्कळदा सांध्यात होतच नाही; तो कंडरा जेथे हाडाला चिकटते त्या जागी होतो. टाच हे त्याचे आवडते ठिकाण. टाचेच्या मागे, जेथे पोटरीची जाड कंडरा येऊन मिळते तेथे, किंवा टाचेच्या तळाशी सकाळी पहिले पाऊल टाकताना कळ येते. अशी कळ धावणाऱ्यांना आणि दिवसभर उभे राहून काम करणाऱ्यांनाही येते. म्हणून बूट बदलणे, मऊ तळवे घालणे, गरम पाण्यात पाय सोडणे असे उपाय महिनोन् महिने चालू राहतात. सोरायसिस असलेल्या तरुणाची टाच काही आठवडे सतत दुखत असेल, तर ते केवळ बुटाचे दुखणे मानू नये.

दुसरे लक्षण बोटांचे. हाताचे किंवा पायाचे एखादेच बोट मुळापासून टोकापर्यंत एकसारखे सुजते, लालसर होते व दुखते. एकच सांधा सुजला तर बोट गाठीसारखे दिसते. येथे संपूर्ण बोटच जाड होते, कारण सांध्याबरोबर कंडरेभोवतीच्या आवरणालाही दाह झालेला असतो. अंगठी निघेनाशी होते, किंवा एकाच पायातील चप्पल घट्ट होते. लागल्यामुळे किंवा किडा चावल्यामुळे सूज आली असेल असे प्रथम वाटते. ती काही आठवड्यांत उतरतेही, आणि नेमकी वैद्याकडे जायच्या दिवशी दाखवायला काही उरत नाही. अशा वेळी सूज असताना भ्रमणध्वनीवर काढलेले छायाचित्र फार उपयोगी पडते.

तिसरे लक्षण नखांचे, आणि ते सर्वांत दुर्लक्षित. शिवणकामाच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खड्डे नखावर पडतात, नख टोकाकडून सुटू लागते, त्याखाली तेलाचा थेंब पसरावा तसा पिवळसर-तांबूस डाग दिसतो. बोटाच्या शेवटच्या सांध्याची कंडरा नखाच्या मुळाशी जोडलेली असते. म्हणूनच नख आणि तो सांधा पुष्कळदा एकत्र बिघडतात. ही नखे बुरशीची समजून त्यांवर दीर्घकाळ बुरशीनाशक मलमे लावली जातात. नखाचा कीस प्रयोगशाळेत तपासला, तर बुरशी आहे की नाही हे कळते. पुष्कळ मुली नखे रंगवून हा दोष झाकतात. तपासणीला जाताना रंग उतरवून जावे.

चौथे लक्षण पाठीचे. पाठ व कंबर पहाटे पहाटे दुखून जाग येते, उठल्यावर अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ अंग आखडलेले राहते, आणि चालू-फिरू लागल्यावर बरे वाटते. हे दुखणे चाळिशीच्या आत, हळूहळू सुरू होते. संगणकापुढे बसून काम करणाऱ्या तरुणाची पाठ दुखली की दोष खुर्चीला दिला जातो, किंवा 'मणक्यात गॅप आहे' असे सांगितले जाते. बसण्याच्या सवयीने दुखणारी पाठ झोपेने सुधारते. ही पाठ झोपेने बिघडते.

याखेरीज असाधारण थकवा येतो. काहींचा डोळा लाल होतो, दुखतो व उजेड सोसत नाही. डोळ्याच्या आतील दाहाचे ते चिन्ह असू शकते आणि त्यासाठी नेत्रतज्ज्ञाकडे त्याच दिवशी जाणे आवश्यक असते.

निदानाला विलंब का होतो

हा आजार दोन शास्त्रांच्या सीमेवर आहे. रुग्ण चट्टे दाखवायला त्वचारोगतज्ज्ञाकडे जातो आणि टाच दाखवायला अस्थिरोगतज्ज्ञाकडे. पहिल्याकडे तो टाचेविषयी बोलत नाही, कारण ते त्याला अप्रस्तुत वाटते. दुसऱ्याकडे तो चट्ट्यांविषयी बोलत नाही, कारण ते कपड्याखाली झाकलेले असतात आणि त्यांची लाजही वाटते. टाळूवरील चट्टे तर 'कोंडा' या नावाखाली खपून जातात. दोन्ही वैद्य आपापल्या परीने बरोबर उपचार करतात. पण दोन्ही माहिती एकाच डोक्यात फक्त रुग्णाच्याच असते. आपल्याला सोरायसिस आहे, किंवा आई-वडील, भावंडे यांपैकी कोणाला आहे, हे सांधे तपासणाऱ्यास न विचारता सांगणे ही निदानाची पहिली पायरी होय.

चट्टे लपवण्यामागे जुने भय आहे. सोरायसिस आणि कुष्ठरोग यांची शतकानुशतके गल्लत होत आली. व्हिएन्नाचा त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड फॉन हेब्रा याने १८४१ मध्ये हे दोन आजार स्पष्टपणे वेगळे केले. शास्त्रातील गल्लत मिटली, समाजातील पुरती मिटलेली नाही. आपल्याकडे लग्न जमवण्याच्या वयात, विशेषतः मुलींच्या बाबतीत, सोरायसिसचा उच्चारही घरात टाळला जातो. सांधेदुखी सुरू होण्याचे वयही नेमके तेच असते. मराठीत 'दुखणे अंगावर काढणे' असा वाक्प्रचार आहे आणि तो बहुधा सोशिकपणाचे कौतुक म्हणून योजला जातो. या आजारात तो कौतुकाचा विषय नाही. आयर्लंडमधील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लक्षणे सुरू झाल्यापासून सहा महिन्यांपेक्षा अधिक विलंबाने तज्ज्ञाकडे पोहोचलेल्या रुग्णांत हाडांची झीज व कामातील असमर्थता अधिक आढळली.

चकवणारे इतर आजारही आहेत. महाराष्ट्रात चिकनगुनियाची साथ येऊन गेली की लांबलेली प्रत्येक सांधेदुखी त्याच्या खात्यावर मांडली जाते. सोरायसिसच्या रुग्णांत रक्तातील युरिक ॲसिड वाढलेले असू शकते. त्यावरून पायाच्या सुजलेल्या बोटाला गाऊट ठरवले जाते.

निदान

सोरायटिक संधिवात निश्चित करणारी एकही रक्तचाचणी नाही. रुमॅटॉइड फॅक्टर ही चाचणी बहुतेकांत नकारात्मक येते आणि दाह दाखवणाऱ्या चाचण्या, म्हणजे ईएसआर व सीआरपी, पुष्कळ रुग्णांत सामान्य असतात. 'रिपोर्ट नॉर्मल आहेत' हे वाक्य ऐकून घरी परतलेल्या रुग्णांची संख्या म्हणूनच मोठी असावी. आरंभीच्या काळात क्ष-किरण चित्रही निर्दोष दिसते. सोनोग्राफी व एमआरआय यांत कंडरा व सांधे यांचा दाह आधी दिसतो. एचएलए-बी२७ हा जनुकीय घटक पाठीचा दाह असलेल्या काही रुग्णांत सापडतो, पण तो नसला म्हणून आजार नाही असे ठरत नाही.

२००६ साली मांडलेले 'कॅस्पार' निकष मुख्यतः संशोधनासाठी रुग्णांचे वर्गीकरण करण्याकरिता असले, तरी वैद्यांना त्यांचा आधार होतो. सांधा, पाठीचा कणा किंवा कंडरा यांचा दाह असलेल्या व्यक्तीला त्यांत गुण दिले जातात. सध्या सोरायसिस असल्यास दोन गुण. पूर्वी होऊन गेला असल्यास किंवा कुटुंबात असल्यास एक. नखांतील बदल, सबंध बोटाची सूज, रुमॅटॉइड फॅक्टर नसणे आणि क्ष-किरण चित्रात सांध्यालगत नवे हाड धरलेले दिसणे यांना प्रत्येकी एक. तीन गुण झाले की हा आजार धरला जातो.

रुग्णाला स्वतःला वापरता येईल असे साधन म्हणजे ब्रिटनमध्ये तयार झालेली 'पेस्ट' ही पाच प्रश्नांची प्रश्नावली. सांधा कधी सुजला होता का? डॉक्टरांनी कधी संधिवात असल्याचे सांगितले आहे का? नखांवर खड्डे आहेत का? टाच दुखली आहे का? एखादे बोट कारणावाचून सबंध सुजून दुखले आहे का? तीन किंवा अधिक प्रश्नांना 'होय' असे उत्तर आले तर संधिवाततज्ज्ञाकडे, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्टकडे, जावे असा संकेत आहे. प्रश्नावलीने निदान होत नाही, आणि पाठदुखीविषयी तीत प्रश्नच नाही. तो सहावा प्रश्न आपण जोडून घ्यावा. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांनुसार सोरायसिसच्या प्रत्येक रुग्णाची या दृष्टीने वर्षातून एकदा विचारपूस होणे अपेक्षित आहे.

मोठ्या शहरांबाहेर संधिवाततज्ज्ञ सहज भेटत नाहीत. जिल्ह्याच्या गावी पहिली तपासणी सामान्य वैद्य, औषधवैद्यकातील तज्ज्ञ अथवा त्वचारोगतज्ज्ञ करू शकतात. सकाळी अंग किती मिनिटे आखडलेले असते, कोणते सांधे केव्हा सुजले आणि कोणत्या गोळीने बरे वाटले, याची पंधरा दिवसांची टिपणे सोबत असली तर वैद्याचे काम बरेच सोपे होते.

इतिहास

त्वचा व सांधे यांच्या या संबंधाची नोंद फ्रेंच वैद्य ज्याँ-लुई आलिबेर याने १८१८ मध्ये केली. तरीही पुढे शतकभर हा रुमॅटॉइड संधिवातच होय, त्याच्या जोडीला योगायोगाने सोरायसिस आहे, असे मानणारे पुष्कळ होते. रुमॅटॉइड फॅक्टरची चाचणी आल्यावर हे रुग्ण वेगळे उठून दिसू लागले. इंग्लंडमधील लीड्स येथील व्हर्ना राइट यांनी १९५०च्या दशकात त्यांचा बारकाईने अभ्यास केला, आणि १९७३ मध्ये मॉल व राइट यांनी या विकाराचे पाच प्रकार मांडले.

इंग्रज नाटककार डेनिस पॉटर (१९३५–१९९४) याला हा आजार विशीतच जडला. त्याचे हात इतके आखडले, की लेखणी हाताला बांधून लिहावे लागे. बीबीसीने १९८६ मध्ये प्रसारित केलेल्या त्याच्या 'द सिंगिंग डिटेक्टिव्ह' या मालिकेचा नायकही याच आजाराने रुग्णालयात खिळलेला लेखक आहे. पॉटर आजारी पडला तेव्हा आजची प्रभावी औषधे नव्हती. त्याच्यासारखी अवस्था आज वेळेवर उपचार मिळालेल्या रुग्णाच्या वाट्याला क्वचितच येते.

उपचार

सौम्य आजारात दाहशामक वेदनाशामके पुरतात. ती सांध्यांचे नुकसान रोखत नाहीत, म्हणून आजार टिकून राहिला तर मेथोट्रेक्सेट, सल्फासलाझिन किंवा लेफ्लुनोमाइड दिले जाते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतल्याने जीव गेल्याची उदाहरणे आहेत, तेव्हा वार ठरवून तो औषधाच्या पाकिटावर लिहून ठेवावा. यकृत व रक्तपेशी यांच्या तपासण्या नियमित कराव्या लागतात आणि मद्य टाळावे लागते. पोटातून घेतलेली स्टेरॉइडे झटपट आराम देतात, पण ती अचानक थांबवल्यावर सोरायसिस अंगभर उसळू शकतो; घटक न सांगता दिल्या जाणाऱ्या पुड्या याच कारणासाठी धोक्याच्या.

याने भागले नाही तर टीएनएफ, आयएल-१७ अशा दाहकारक द्रव्यांना अडवणारी जैविक औषधे आहेत. ती महाग आहेत, तथापि २०१४ मध्ये अडॅलिमुमॅबची भारतीय बनावटीची जैवसदृश आवृत्ती आल्यावर किंमत काहीशी आवाक्यात आली. त्यांच्यामुळे शरीरात सुप्त असलेला क्षय जागा होऊ शकतो; भारतात सुप्त क्षयाचे प्रमाण मोठे असल्याने ती सुरू करण्यापूर्वी छातीचे क्ष-किरण चित्र व क्षयाची चाचणी करतात. लठ्ठ रुग्णाने वजन उतरवल्यास औषधांचा गुण वाढतो.

मेथोट्रेक्सेट व लेफ्लुनोमाइड गर्भाला घातक आहेत. लग्न ठरलेल्या किंवा मूल हवे असलेल्या तरुणीने ते आधीच वैद्याला सांगितले तर गर्भारपणात तुलनेने सुरक्षित मानल्या जाणाऱ्या औषधांची योजना वेळेवर करता येते. लेफ्लुनोमाइड शरीरातून पूर्ण निघून जायला पुष्कळ महिने लागतात, म्हणून हे बोलणे गर्भ राहिल्यावर नव्हे, त्याच्या बरेच आधी व्हावे लागते.