वॉर्डातलं घड्याळ – ९ : दोन दिवसांची सिस्टर

या सदरात ठरलेला रात्रपाळीचा विषय एक आठवडा पुढे ढकलते आहे. मिरजेहून एका वाचक बाईंचं पत्र आलं आणि त्याला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला जमेना. त्यांची लेक उत्तर इंग्लंडात एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, हॉस्पिटलात बँड ५ च्या पगारश्रेणीवर सिस्टर आहे. धाकटा झाल्यावर तिनं तास कमी करून घेतले आणि आता आठवड्यातून दोनच दिवस ड्युटीला जाते. बाई विचारतात, एवढ्या परीक्षा देऊन मिळवलेलं रजिस्ट्रेशन अशानं टिकेल का? आणि दोन दिवसांची नोकरी म्हणजे नोकरी म्हणायची का?

ताई, आधी तासांचा हिशोब करू. एनएचएसमध्ये पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला साडेसदतीस तास, चार आठवड्यांचे दीडशे. आता बहुतेक वॉर्डांवर ‘लाँग डे’ असतो. सकाळी साडेसातच्या सुमारास जायचं, रात्री आठच्या पुढे निघायचं. मधल्या सुट्टीचे पैसे नाहीत, म्हणून पगारी तास साधारण साडेअकरा धरतात. असे तेरा लाँग डे केले की एकशे साडेएकोणपन्नास तास भरतात. अर्धा तास उरतो, आणि ड्युट्यांचा रोटा लावणारी वॉर्ड मॅनेजर तो कधी विसरत नाही. म्हणजे पूर्णवेळची सिस्टरसुद्धा आठवड्याला सव्वातीनच दिवस जाते. तुमची लेक सव्वातीनावरून दोनावर आली आहे, सहावरून नाही. तिकडे तिच्यासारखीला ‘पॉइंट सिक्स’ म्हणतात. पूर्णवेळ एक धरला तर ही ०.६, आठवड्याला साडेबावीस तास.

इथे एक गैरसमज काढून टाकते. पार्ट टाइम म्हणजे दुपारी घरी, असं नाही. शिफ्ट तेवढीच लांब असते. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नर्सनी स्वतः लिहून ठेवलेल्या नोंदी तपासल्या होत्या. साडेबारा तास किंवा त्याहून लांब शिफ्टमध्ये चूक होण्याची शक्यता तिपटीनं वाढते, असं त्यात दिसलं. पॉइंट सिक्स झाल्यानं हा धोका जात नाही. कमी होते ती लागोपाठच्या शिफ्टांची रांग. तिसऱ्या सलग लाँग डेला औषधाचा डोस तीनदा मोजावा लागतो, हे ज्यांनी केलं आहे त्यांना सांगायला नको.

आता रजिस्ट्रेशन. ब्रिटनचं नर्सचं सरकारी रजिस्टर १९१९ च्या कायद्यानं आलं. १९२१ साली त्यात पहिला क्रमांक लागला एथेल गॉर्डन फेनविक यांचा. त्यांनी या रजिस्टरसाठी तीन दशकांहून जास्त काळ भांडण मांडलं होतं, तेव्हा तो क्रमांक त्यांचाच होता म्हणा. आज हे रजिस्टर नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलकडे आहे आणि २०१६ पासून दर तीन वर्षांनी त्यात नाव टिकवण्यासाठी पुरावे द्यावे लागतात. पस्तीस तासांचं शिक्षण, त्यातले वीस इतरांबरोबर बसून घेतलेले. कामाबद्दलचे पाच अभिप्राय. स्वतःच्या कामावर विचार करून लिहिलेली पाच टिपणं. आणि प्रत्यक्ष कामाचे तास किती? तीन वर्षांत ४५०.

तीन वर्षांत, ताई. लाँग डेच्या मापानं चाळीस दिवस. तुमची लेक आठवड्याला साडेबावीस तास करते, तेव्हा तिचे तीन वर्षांचे तास वीस आठवड्यांत भरतात. उरलेल्या काळात ती जे करते ते कौन्सिलच्या दृष्टीनं वरकड आहे. ज्या संस्थेचं काम नर्सची लायकी राखणं, तिनंच हा आकडा ठरवला आहे. दोन दिवसांची सिस्टर ही अर्धी सिस्टर, असं ती संस्था मानत नाही.

आणि ते बरोबरच आहे. ऑफिसातल्या कारकुनानं तीन दिवस सुट्टी घेतली तर फाइल टेबलावर त्याची वाट पाहत पडते. वॉर्डातला पेशंट कोणाची वाट पाहू शकत नाही. म्हणून नर्सिंगचं काम पहिल्यापासून वाटूनच केलेलं आहे. मॉर्निंगची ओव्हर देते, म्हणजे पेशंटची सगळी माहिती पुढच्या पाळीच्या हवाली करते, इव्हिनिंगची घेते, नाईटची पुन्हा घेते. पूर्णवेळची सिस्टरही पेशंटला चोवीस तासांतले साडेअकराच तास देते, बाकीचे दुसऱ्या कोणाचे असतात. ओव्हर नीट दिली-घेतली गेली तर पुढची शिफ्ट करणारी आठवड्याला दोनदा येते की चारदा, यानं पेशंटला फार फरक पडत नाही. ओव्हर ढिसाळ असेल तर सगळ्या पूर्णवेळ असूनही घोटाळा होतो. अर्धवेळ काम या पेशाला इतकं मानवतं ते यामुळे.

हे अर्धवेळ काम आलं मात्र गरजेपोटी. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ब्रिटिश हॉस्पिटलातली नर्स आवारातल्याच नर्सेस होममध्ये राहायची आणि लग्न ठरलं की बहुधा राजीनामा द्यायची. युद्धात हात कमी पडले. मग ५ जुलै १९४८ ला एनएचएस सुरू झाली आणि टंचाई आणखी जाणवू लागली. त्या काळात कॅरिबियन बेटांवरून मुली आणल्या गेल्या, आणि घरी बसलेल्या, शिकलेल्या विवाहित नर्सनाही तास कमी करून परत बोलावलं गेलं. हक्काची भाषा बऱ्याच उशिरा आली. अर्धवेळ कामगाराला पूर्णवेळवाल्यापेक्षा वाईट वागवायचं नाही, हा ब्रिटनमधला नियम २००० सालचा.

या नियमाचा अर्थ बँक हॉलिडेला, म्हणजे सार्वजनिक सुट्टीला, कळतो. इंग्लंडात वर्षाला आठ बँक हॉलिडे असतात, त्यांतले निम्मे सोमवारी. जिची ड्युटी नेमकी सोमवारी, तिला सुट्ट्याच सुट्ट्या. गुरुवार-शुक्रवारवालीच्या वाट्याला हमखास येतो तो फक्त गुड फ्रायडे. एनएचएसच्या करारानं यावर सोपा तोडगा काढला. नव्या पूर्णवेळवालीच्या सत्तावीस दिवस रजा आणि आठ बँक हॉलिडे मिळून पस्तीस दिवसांचे तास करायचे, ते होतात दोनशे साडेबासष्ट. पॉइंट सिक्सला त्यांचे साठ टक्के द्यायचे, म्हणजे एकशे साडेसत्तावन्न. वार कोणताही असो.

पगाराचंही पाहू. २०२५-२६ मध्ये इंग्लंडात बँड ५ ची सुरुवात ३१,०४९ पौंडांची होती. त्याचे साठ टक्के १८,६२९. पण पहिल्या १२,५७० पौंडांवर आयकरही नाही आणि नॅशनल इन्शुरन्सही नाही. त्यामुळे कापला जातो तो वरचा, कराखाली येणारा पगार. पेन्शनची वर्गणी बाजूला ठेवली तर हातात पूर्णवेळवालीला २५,८०० च्या थोडे वर आणि पॉइंट सिक्सला १६,९०० च्या थोडे वर पडत. काम साठ टक्के, हातात पासष्ट टक्के. त्यातून पाळणाघराचे दिवस कमी झाले की उरलेली दरीही थोडी बुजते.

तिकडे आमच्या वॉर्डावर पन्नाशीच्या एक बाई होत्या, फक्त शनिवार-रविवार यायच्या. लोक त्यांची कीव करायचे. त्यांचा हिशोब मात्र पक्का होता. बँड ५ ला शनिवारी तीस टक्के जादा मिळतात, रविवारी साठ टक्के. दोन लाँग डेचे तेवीस तास, पण पैसे सव्वातेहतीस तासांहून थोडे जास्त. सोमवार ते शुक्रवार त्या बागेत असत. अमेरिकेत डॅलसच्या बेलर हॉस्पिटलनं १९८० च्या सुमारास असाच सौदा उघडपणे देऊ केला होता. शनिवार-रविवारच्या बारा-बारा तासांच्या दोन शिफ्ट करा, छत्तीस तासांचा पगार घ्या. ती योजना ‘बेलर प्लॅन’ याच नावानं देशभर पसरली, कारण शनिवार-रविवार भरणं ही प्रत्येक मेट्रनची डोकेदुखी होती.

हॉस्पिटलचा फायदा इथेच संपत नाही. कोणी आजारी पडलं की वॉर्ड मॅनेजर पहिला फोन पॉइंट सिक्सलाच करते. तिला औषधांचं कपाट ठाऊक असतं, डॉक्टरांचे स्वभाव ठाऊक असतात, आणि तिच्या हातात मोकळे दिवस असतात. साडेसदतीस तास भरेपर्यंत तिला जादा कामाचा दर साधाच मिळतो, त्यापुढे दीडपट. एजन्सीची अनोळखी नर्स बोलावण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आणि सुरक्षित. निवृत्तीला टेकलेल्यांनाही २०२३ च्या ऑक्टोबरपासून जुन्या पेन्शन योजनेत नवी वाट मिळाली आहे. पेन्शनपात्र पगार दहा टक्क्यांनी कमी करा, पेन्शन घ्यायला सुरुवात करा आणि कामावरही राहा. तीस वर्षांचा हात एकदम निघून जाण्यापेक्षा आठवड्याला दोन दिवस मिळाला तर नव्या मुलींना शिकवायला कोणीतरी उरतं.

तोटे लपवत नाही. २०१५ च्या पेन्शन योजनेत दरवर्षी त्या वर्षीच्या पगाराचा चौपन्नावा भाग पेन्शनमध्ये जमा होतो. वरच्याच आकड्यांनी धरलं, तर पॉइंट सिक्सच्या प्रत्येक वर्षामागे म्हातारपणाच्या वार्षिक पेन्शनमधून २३० पौंड जातात. दहा वर्षं असं केलं तर २,३००. एक बरं झालं, ऑक्टोबर २०२२ पासून वर्गणीचा दर प्रत्यक्ष पगारावर ठरतो. त्याआधी अर्धा पगार घेणारीही पूर्णवेळच्या दरानं वर्गणी भरत होती. बढतीचं दुखणं वेगळं. ट्रेनिंग आणि मीटिंगा नेमक्या आपल्या सुट्टीच्या दिवशी येतात, आणि बँड ७ च्या मुलाखतीत कोणी बोललं नाही तरी तो विषय हवेत असतो.

व्हिसावर गेलेल्या मुलींनी आणखी एक गोष्ट पाहावी. हेल्थ अँड केअर व्हिसासाठी पगाराची किमान मर्यादा असते आणि तास कमी केले म्हणून ती खाली येत नाही. १८,६२९ पौंड त्यात बसत नाहीत. कायम वास्तव्याची परवानगी हाती येईपर्यंत पॉइंट सिक्स त्यांच्यासाठी नाही. परवानगी आली किंवा नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबित म्हणून राहत असतील, तर तास कमी करण्याचा अर्ज करायला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मुभा आहे. एनएचएसमध्ये हे सप्टेंबर २०२१ पासून आहे. अर्ज नाकारता येतो, पण कारण द्यावं लागतं. तेव्हा मागणी तोंडी करू नये, कागदावर करावी.

ताई, तुमच्या लेकीपेक्षा मला तिच्या मिरजेतल्या वर्गमैत्रिणींची काळजी वाटते. आपल्याकडे सिस्टरपुढे साधारण दोनच वाटा असतात. महिनाभर तिन्ही पाळ्या फिरायच्या, नाहीतर घरी बसायचं. मधली वाट म्हणजे ब्युरो. रोजावर कोणाच्या तरी घरी पेशंट सांभाळायचा, तिथे रजा नाही, पीएफ नाही, शिकणं नाही. दुसरं मूल झालं, सासरे अंथरुणाला खिळले, की हाताशी आलेली, अनुभवी सिस्टर नोकरी सोडते आणि हॉस्पिटल तिच्या जागी नवी मुलगी घेऊन तिला पहिल्यापासून शिकवत बसतं. ब्रिटनसारखा कायदा यायची वाट न पाहता कोणत्याही मध्यम हॉस्पिटलला हे करता येईल. आठवड्याला तीन पाळ्या, कायम नेमणूक, पगार, रजा आणि पीएफ त्याच प्रमाणात. ओव्हरची वही तर प्रत्येक वॉर्डावर आहेच. असं करून पाहणारं हॉस्पिटल तुमच्या गावात असेल, किंवा करून पाहून फसलेलं असेल, तरी मला सविस्तर कळवा. फसलेल्याचं पत्र आधी छापीन.