गोकुराकुजी : एका फलाटाचं टुमदार स्टेशन

रेल्वेवेड्यांनो, आज जपानमधलं गोकुराकुजी!

कामाकुरा ते फुजिसावा ही एनोडेन लाइन जेमतेम १० किलोमीटरची. तेवढ्यात १५ स्टेशनं, त्यातलंच हे एक. मार्ग एकेरी, त्यामुळे समोरासमोरच्या गाड्या ठरावीक ठिकाणीच एकमेकींना वाट देतात. रुळांची रुंदी १०६७ मिलिमीटर, म्हणजे आपल्या मीटर गेजहून थोडी जास्त.

गोकुराकुजीला फलाट एकच. बाहेर उतरत्या छपराची जुनी लाकडी इमारत आणि लाल गोल टपालपेटी. जवळच १९०७ साली बांधून झालेला विटांचा बोगदा, या लाइनवरचा एकमेव. दिग्दर्शक कोरे-एदा यांच्या २०१५च्या ‘अवर लिटल सिस्टर’ सिनेमातही हे स्टेशन दिसतं.

गेलात तर फोटो जरूर काढा, पण रोजच्या प्रवाशांची वाट अडवू नका!